चामुंडेपुढची टाळी

“आप लोगों में कला का कौन है?”

भोपाळहून संग्रहालयात बदलून आलेल्या नव्या साहेबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो आणि तिघांपैकी एकही कलेचं नव्हतं. मी भूगोलाची. इथल्याच गोरखपूर वस्तीतल्या मुलींच्या शाळेत बरीच वर्षं नकाशे टांगले, मुख्याध्यापिकेशी भांडले आणि बाहेर पडले. माझ्या शेजारी सिस्टर. सगळी नोकरी त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती आणि निवृत्तीनंतर घरात करमेना म्हणून त्या संग्रहालयात आल्या होत्या. आणि तिसरे आमचे नाटकवाले. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. नाटक-मंडळीत ढोलकी वाजवली, राजाची कामं केली, मंडळी मोडल्यावर मिळेल ते काम केलं, पण केसांना कलप आणि गळ्यात रंगीत मफलर कधी चुकवला नाही.

आम्हा तिघांना निवडलं होतं संग्रहालयाच्या जुन्या साहेबांनी. ते म्हणायचे, कलेचे पंडित मला पुस्तकात भेटतात, मला पोरांपुढे उभी राहू शकणारी माणसं पाहिजेत. ते गेले, आणि आमच्या डोक्यावरचं छप्परही त्यांच्याबरोबर गेलं. नवीन साहेबांचं म्हणणं असं की कलादालनात शिकवायचं तर कलेचीच पदवी हवी. तसं त्यांचं चुकतही नव्हतं. कागदावर पाहिलं तर आम्ही म्हणजे कुठल्या कुठल्या दुकानातून उचलून आणलेला माल होतो.

शिकवायचोही आम्ही आपापल्या तऱ्हेनं. मी मूर्तीपुढे उभी राहिले की आधी दगडावर यायची. हा दगड कुठल्या डोंगरातला, नदीनं आणला की बैलांनी ओढला. सिस्टरांचं लक्ष आईच्या मांडीवरच्या बाळाकडे. “देखो, इसने बच्चे की गर्दन सँभाली है कि नहीं?” त्या विचारायच्या, आणि पोरी आपापले हात तसे धरून पाहायच्या. नाटकवाल्यांची रीत मात्र सगळ्यांत गाजलेली. ते पोरांना मूर्तीसारखं उभं करायचे. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे मोडली आहे, हे अंगानं कळू द्यायचे आणि मग विचारायचे, ही नाचते आहे ना, तर सांगा कुठल्या तालावर? पोरं टाळ्या वाजवून शोधायची. दालनात दणका उडायचा, पण त्या पोरांना ती मूर्ती जन्मात विसरता येत नसे.

त्या दणक्याचीच तक्रार झाली होती. एक सोडून दोन वेळा. कोणा प्रतिष्ठित माणसानं लिहून दिलं की हे संग्रहालय आहे की तमाशाचा फड. साहेबांनी आल्या आल्या नाटकवाल्यांना बजावलं, “गैलरी में शांति चाहिए. अब एक भी शिकायत आई तो आपकी छुट्टी.” दुसऱ्या दिवशी शहपुऱ्याच्या पलीकडच्या एका गावातली शाळा येणार होती. साहेब स्वतः उभं राहून नाटकवाल्यांचा पाठ बघणार होते, आणि त्यावरच ठरणार होतं, ते राहणार की जाणार.

माझं नाटकवाल्यांशी फारसं पटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ते बोलायला लागले की “रंगभूमीवर मी जेव्हा” इथूनच सुरुवात. चहा दुसऱ्यानं आणायचा, कप दुसऱ्यानं धुवायचा. पण शिक्षण विभाग माझ्याकडे होता, आणि मला एक गोष्ट माहीत होती. मंडळी मोडल्यावर या माणसाला कोणी ‘ए ढोलकी’ म्हणालं, कोणी ‘ओ भैया’ म्हणालं. ‘सर’ म्हटलं ते पहिल्यांदा आमच्याकडे आलेल्या पोरांनी. विजय नगरमध्ये राहणारी त्यांची सून एकदा मला म्हणाली होती, “ताई, बाबा घरी पण सर बनूनच बसतात.” तिनं ते चेष्टेत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना समोर बसवून पाठ करून घेतला. देवीचं नाव, कलचुरी काळ, दगड, हातातली आयुधं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ते प्रत्येक वाक्य राजाच्या थाटात म्हणत होते.

“हळू बोला,” मी म्हटलं. “आणि टाळी अजिबात नाही.”

“टाळी नाही, ताल नाही, तर मग मी काय, मूर्तीखालची पाटी वाचून दाखवू?”

“हो. पाटीच वाचा. एक दिवस वाचली तर काय बिघडून राहिलं?”

त्यांनी मफलर सारखा केला. “ठीक आहे, ताई. तुमच्यासाठी वाचतो.”

नवरात्र होतं. सकाळी गावातली पोरं आली ती कपाळाला टिळे लावून, काहींच्या हातांना लाल दोरे. त्यांचे गुरुजी परवानगीच्या सह्या करायला कचेरीत गेले आणि पोरांना सांभाळायला त्यांच्या शाळेतली बाई राहिली. शाळेत पाणी भरणारी, पोरांना रांगेत लावणारी, चाळिशीची. पाय अनवाणी. सिस्टरांनी तिला पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या. “इसका उपवास है. पानी पर होगी. होंठ देखो.” मी हो म्हटलं आणि विसरले. माझं सगळं लक्ष साहेबांवर होतं. ते दाराशी हात मागे बांधून उभे होते.

पाठ होता दालनाच्या टोकाशी असलेल्या चामुंडेपुढे. छातीएवढ्या उंचीची मूर्ती. पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोटावर विंचू, एक पाय उचललेला. तिचा चौथरा नव्यानं बांधायचा होता म्हणून तेवढ्यापुरतं तिला लाकडी घडवंचीवर ठेवलं होतं. ती घडवंची मला पहिल्यापासून आवडत नव्हती. तसं मी बोललेही होते, पण माझ्या बोलण्याला घडवंचीइतकाही आधार नव्हता.

नाटकवाल्यांनी पाटी वाचायला सुरुवात केली. आवाज इतका खाली की दुसऱ्या रांगेतल्या पोरांना ऐकू येईना. काळ सांगितला, दगड सांगितला. पोरं पाय बदलू लागली. एकानं खिशातून झेंडूचं फूल काढून देवीच्या पायाशी टाकलं आणि आमचा शिपाई त्याच्यावर खेकसला. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नाटकवाल्यांच्या कानशिलावरून कलपाचा काळा घाम ओघळत होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. राजाची कामं केलेल्या माणसाला मी कारकून करून उभं केलं होतं, आणि तो कारकूनही बरा वठत नव्हता.

मग त्यांनाच राहवलं नाही. पाटीकडे पाठ केली, पोरांसमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अच्छा, छोड़ो ये सब. माई को देखो. खड़ी है कि नाच रही है?”

पोरांनी प्रथमच मान वर करून मूर्तीकडे पाहिलं.

“नाच रही है!”

“कौन से ताल पे?”

त्यांनी टाळी वाजवली नाही. हे मी शपथेवर सांगेन. फक्त विचारलं. पण शहरातल्या शाळेतल्या पोरांना हा प्रश्न विचारणं वेगळं आणि नवरात्रात, घरोघरी जवारे, म्हणजे आपले घट, बसलेल्या गावातल्या पोरांना देवीसमोर उभं करून विचारणं वेगळं. शहरातली पोरं ताल शोधत बसतात. या पोरांना शोधायचं नव्हतंच. माई कुठल्या तालावर नाचते हे त्यांना रोज रात्री झोपेतही ऐकू येत होतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं भगतीचा ठेका धरला. देवीपुढे म्हणतात त्या गाण्यांचा, झांज-ढोलकीचा ठेका. बघता बघता सगळ्यांनी धरला. दगडी दालनात तो चहूकडून परत येऊ लागला आणि मिनिटभरात त्याची लय चढली.

नाटकवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. देवीपुढच्या असल्या बैठकींत त्यांनी आयुष्यभर ढोलकी वाजवली होती. काय होणार हे त्यांना माझ्याआधी कळलं. ते पोरांकडे बघत नव्हते, मागे भिंतीशी उभ्या असलेल्या बाईकडे बघत होते.

बाईची मान हलत होती. आधी हळू, मग गरगर. अंबाडा सुटला. इकडच्या भाषेत त्याला भाव येणं म्हणतात, आपण अंगात येणं म्हणतो. माझ्या आत्याच्या अंगात यायचं. लहानपणी मला त्याची इतकी भीती वाटायची की मी पलंगाखाली जाऊन बसायची, आणि मोठी झाल्यावर तेवढीच चीड आली. देवी येते यावर माझा विश्वास नाही. पण समोर जे चाललं होतं ते सोंग नव्हतं, एवढं मला आत्यामुळे कळत होतं.

“बंद करो!” साहेब ओरडले. “बंद करो ये सब!”

पोरं घाबरून आणखी जोरात वाजवू लागली. तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “हाथ बाँधो! मुँह पर उँगली!” असा आवाज मी शाळा सोडल्यापासून काढला नव्हता. टाळ्या एकदम थांबल्या. सगळी पोरं तोंडावर बोट ठेवून, डोळे फाडून उभी. दालनात चिडीचूप. मला वाटलं, जिंकले.

जिंकले कसली. ताल मध्येच तुटला आणि बाईच्या घशातून एक आवाज निघाला, तो अजून माझ्या कानात आहे. ती पोरांमधून वाट काढत सरळ मूर्तीकडे गेली आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारली. तशीच घुमू लागली. घडवंची करकरली.

मी आणि शिपाई धावलो आणि मागून घडवंचीला खांदे लावले. लाकूड माझ्या खांद्याला हादरे देत होतं. मूर्ती आमच्या अंगावर आली असती तर आमचा चेंदामेंदा झाला असता, आणि तिकडे कलंडली असती तर बाईचा. “हटाओ इसको! खींचो!” साहेब म्हणत होते. त्यांचाही आवाज फुटला होता. सिस्टर त्यांच्या आडव्या आल्या. “कोई हाथ नहीं लगाएगा. खींचोगे तो मूर्ति साथ में आएगी.” वॉर्डात डॉक्टरांना गप्प बसवलेला आवाज होता तो. मग त्या बाईच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता.

घडवंचीमागून मला नाटकवाले दिसत होते. ते जागच्या जागी उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, एकात एक गुंतवलेले. ओठ हलत होते. साहेब त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मला वाटलं, हा माणूस आता निसटून जाईल. खरं सांगते, तो निसटला असता तर मी त्याला दोषही दिला नसता.

त्यांनी हात पुढे आणले आणि टाळी वाजवली.

“मैंने कहा बंद!” साहेब किंचाळले.

त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते बाईच्या पायांकडे बघत होते. तिच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, त्यावर नेमकी यांची टाळी पडत होती. आधी तिच्याच वेगानं, तितकीच चढी. मला वाटलं, हा वेडा आहे, आणखी चढवतो आहे. माझ्या तोंडून शिवी निघाली, ती शिपायानं ऐकली. साहेबांनी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं आणि एकही टाळी न चुकवता पुढे वाजवत राहिले. थोड्या वेळानं मला खांद्याला कळलं की हादरे लांब लांब पडताहेत. टाळी मंद होत होती. इतकी हळूहळू की कुठून मंद झाली ते सांगता येऊ नये. तिच्यामागे बाईच्या टाचा, टाचांमागे मान. तोंडानं ते फक्त “हो माई… हो माई…” एवढंच म्हणत होते, पाळण्याजवळ बसून म्हणावं तसं. मग दोन टाळ्यांच्या मध्ये श्वास घेता येईल इतकं अंतर पडलं. बाईचे हात मूर्तीवरून सुटले. ती खाली घसरली आणि सिस्टरांनी तिचं डोकं फरशीला लागण्याआधी झेललं.

तेव्हा कुठे मी घडवंचीला लावलेला खांदा काढला. मी तिथेच फतकल मारून बसले.

सिस्टरांनी तिला साखरेचं पाणी पाजलं. तिनं डोळे उघडले, आधी पदर डोक्यावर ओढला, मग इकडेतिकडे पाहिलं आणि साहेबांना विचारलं, “कछू टूटो तो नईं, साब?”

साहेब खाली वाकले होते. त्यांचा चष्मा खाली पडला होता, तो ते शोधत होते. शिपायानं उचलून दिला.

पोरं गेल्यावर आम्हाला वर बोलावणं आलं. साहेब खुर्चीत बसले होते. समोरचा चहा बशीत सांडलेला. मी त्यांना खलनायक करणार नाही. त्या दालनातली वस्तू न् वस्तू त्यांच्या नावावर होती, आणि तेही आमच्याइतकेच घाबरले होते.

“हजार साल की मूर्ति है,” ते म्हणाले. “गिर जाती तो? दोबारा आती?”

“औरत भी दोबारा नहीं आती, सर,” सिस्टर म्हणाल्या.

साहेब नाटकवाल्यांकडे वळले. ताल कोणी काढला? मी मना केल्यावर टाळी पुन्हा कोणी सुरू केली? माझा हात कोणी झटकला? तिन्ही प्रश्नांना नाटकवाल्यांनी “मैंने” म्हटलं. पहिल्याला तरी त्यांनी पोरांचं नाव घ्यायला हवं होतं. ते मी घेतलं. मी सांगितलं की यांनी फक्त प्रश्न विचारला. टाळी थांबली म्हणून ती बाई मूर्तीला जाऊन भिडली आणि टाळी सुरू झाली म्हणून सुटली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या थांबवल्या मी, तर मग काढायचं असेल तर मला काढा. बोलता बोलता माझा आवाज चढला. मी टेबलावर हात आपटला आणि उरलासुरला चहाही सांडला.

“मैडम, बैठ जाइए,” साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. “आप समझती नहीं. कल हर शाला आएगी और पूछेगी, यहाँ देवी आती है क्या. मैं इसे मंदिर नहीं बनने दे सकता.” मग नाटकवाल्यांना म्हणाले, “आप कल से मत आइए.”

त्यांच्या त्या मंदिराच्या भीतीत तथ्य होतं, हे मी मानते. पण ज्या माणसामुळे बाई आणि मूर्ती दोन्ही वाचल्या त्यालाच बाहेर काढलं, आणि मी खुर्चीवर बसून ते ऐकलं, याचा राग अजून गेलेला नाही. आम्हा दोघींना ठेवलं. भूगोल चालला, बाळंतपण चाललं, ढोलकी तेवढी चालली नाही.

नाटकवाले माझ्याआधी खाली उतरले होते. मी उतरले तेव्हा ते बाहेरच्या पायरीवर बसले होते. मफलर सोडून मांडीवर घेतला होता. तळवे लाल झाले होते. मी शेजारी बसले. सांत्वन करणं मला जमत नाही, म्हणून मी भांडायला लागले.

“तीनदा ‘मैंने’ म्हणायची काय गरज होती? राजाचं काम करून राहिले होते का तिथे?”

“ताई, तो बंद म्हणाला तेव्हाच मला समजलं होतं,” ते म्हणाले. “आता जी टाळी वाजेल ती नोकरी घेऊन जाईल. उभा राहून तेच विचार करून राहिलो होतो.”

“मग काहून वाजवली?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच समोरच्या रांगेतलं पोर होते आणि मला इतकी सोपी गोष्ट दिसत नव्हती.

“काहून म्हणजे? बाई अजून त्या तालाच्या आतच होती ना.”